एकशे अठरा

सान पेद्रो सोडलं तेव्हा आकडा ब्याण्णव होता.
स्टिअरिंगखाली खोचलेली काड्यापेटीएवढी डबी
फोनवर दाखवते गिअरबॉक्सच्या तेलाचा ताप.
इंजिनाचा काटा काय, तो मधोमध बसून राहतो,
आपण काही पाहिलंच नाही म्हणणाऱ्या साक्षीदारासारखा.
एलेउतेरिओनं त्या काट्यावर विश्वास ठेवला होता.
दोन वर्षांमागे, याच चढावर, तिसऱ्या वळणाला
गाडीनं पुढं जायचं सोडून नुसता आवाज केला
आणि खालून जळक्या साखरेसारखा वास आला.
नव्या गिअरबॉक्ससाठी अकरा लामा विकले आम्ही.
तेव्हापासून मी अंश मोजत नाही.
लामा मोजते.

मागे ट्रेलर, त्यावर लसूणघासाचे बेचाळीस गठ्ठे.
वर पठारावर तीन दिवसांचा बर्फ,
गवत त्याच्या खाली,
आणि सासऱ्यांचा कळप वरवर चाटतोय.
शेजारी सासरे, दोन सेवेरो, गालात कोकाची पानं,
पायांत घट्ट धरलेला थर्मास.

शंभर.
हीटर पूर्ण सोडला. थंडी होतीच, निमित्तही झालं.
एकशे चार.
गिअर हातानं तिसऱ्यात आणला, वेग चाळीस, एक्सलेटर स्थिर.
गाडीला स्वतः ठरवू दिलं की ती चौथा, तिसरा, चौथा करत बसते,
आणि आतलं तेल ताकासारखं घुसळत राहतं,
लोणी काही येत नाही.
डावीकडे लिकांकाबुर, पांढरा,
बाहेर उणे सहा,
आणि माझ्या पायांखाली काहीतरी उकळतंय.
इथली हवा गार आहे, पण विरळ.
रेडिएटरवरून जाते, हाती मात्र काही नेत नाही.

एकशे नऊ. एकशे तेरा.
बोलिव्हियाकडे निघालेला ट्रक हॉर्न देत मागे चिकटला.
चिकटू दे.
एकशे अठरा.

ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी खडीची वाट ठेवलीय,
तिच्या जरा अलीकडे, कडेच्या सपाटीवर घेतली गाडी.
चाकांमागे दगड लावले.
गिअर पार्कमध्ये. इंजिन बंद नाही केलं.
बंद केलं की पंप थांबतो,
आणि तेल जिथं तापलंय तिथंच बसून आणखी तापतं.
"चढावर बसलेलं जनावर पुन्हा उठत नाही," सासरे म्हणाले.
"हे बसलेलं नाही. धाप टाकतंय."
"तुझ्या नवऱ्याला जमलं नाही ते तुला जमणार?"
मी काही बोलले नाही.
बॉनेट उघडलं, दांडी ओढली,
कागदी रुमालावर एक थेंब टेकवला.
लाल. थोडा गडद, पण लाल.
त्या वेळी कॉफीसारखा होता.
रुमाल त्यांना दाखवला.
त्यांनी नाकाशी नेला, हुंगला,
कोकरू हुंगतात तसा,
आणि घडी घालून खिशात ठेवला. का, ते माहीत नाही.

एकशे सोळा.
थर्मासमधला चहा एका झाकणात दोघांनी.
एकशे अकरा.
गठ्ठ्यातून निसटलेली एक काडी वाऱ्यानं
रस्त्यापार नेली, तिच्यामागे त्यांची नजर गेली.
एकशे तीन.
"चल आता," ते म्हणाले.
"अजून नाही."
शहाण्णव होईस्तोवर पंचवीस मिनिटं गेली.
पंचवीस मिनिटांत बर्फ चाटणाऱ्या पोटात काय होतं
याचा आकडा माझ्या फोनवर येत नाही.

पुढे आणखी दोनदा थांबलो.
तिसऱ्या वळणावर नाही. तिथं मी श्वास धरला,
जणू त्यानं तेल गार होतं.

वर पोचलो तेव्हा ऊन तिरपं झालं होतं.
सासरे दार उघडून तसेच बर्फात उतरले,
दगडी कुंपणाशी उभे राहिले, पाठ माझ्याकडे.
"किती?" त्यांनी विचारलं.
"सत्त्याण्णव," मी म्हणाले, फोन बघून, जरा अभिमानानं.
ते वळले नाहीत.
बोट हवेत हलत होतं, ओठ हलत होते.
ते कळप मोजत होते.
त्र्याहत्तर. त्यांतले चार आडवे.
मी इंजिन चालूच ठेवलं
आणि पहिल्या गठ्ठ्याची दोरी कापली.